सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम: स्वतःशी नाते जुळते, आत्मविश्वास मात्र बाहेर कमवावा लागतो

कामाच्या धकाधकीत स्वतःशी तुटलेले नाते पुन्हा जोडून देऊ आणि त्यातून आत्मविश्वास मिळवून देऊ, असे आश्वासन देणारे अभ्यासक्रम सध्या उदंड झाले आहेत. त्यांपैकी अनेकांची मांडणी एकाच मूळ आराखड्यावरून घेतलेली असते. तो आराखडा म्हणजे सजगतेवर (माइंडफुलनेस, म्हणजे या क्षणी जे जाणवते त्याकडे निवाडा न करता लक्ष देणे) आधारित ताणनिवारणाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम, जो सर्वत्र एमबीएसआर या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मी हा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून, ऑनलाइन वर्गातून पूर्ण केला. हे परीक्षण आधी अभ्यासक्रमाच्या रचनेचे आहे आणि नंतर, वेगळेपणाने, मी ज्या संस्थेकडून तो घेतला तिच्या कामाचे आहे. या दोहोंची गल्लत झाली की चांगल्या रचनेला ढिसाळ वर्गाचा बोल लागतो, किंवा एखाद्या गुणी प्रशिक्षकाचे श्रेय रचनेच्या पदरी पडते. थोडक्यात सांगायचे तर हा अभ्यासक्रम स्वतःची जाण देतो आणि ती पुरेपूर देतो. आत्मविश्वास तो देत नाही, पण आत्मविश्वास जिथे कमवता येतो तिथे टिकून राहण्याचे बळ देतो. जाहिरातींत गाजावाजा नेमका आत्मविश्वासाचाच असतो, म्हणून हा फरक नीट मांडणे मला गरजेचे वाटते.

या कार्यक्रमाची सुरुवात १९७९ साली जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात केली. तिथे त्यांच्याकडे येणारी माणसे आत्मविश्वास शोधत आलेली नव्हती. जुनाट दुखण्यांनी गांजलेले आणि औषधोपचारांनी पुरता आराम न पडलेले असे ते रुग्ण होते. बौद्ध परंपरेतील ध्यान आणि हठयोगातील सोपी आसने धार्मिक चौकटीबाहेर आणून कबाट-झिन यांनी ती या रुग्णांना शिकवली. हा उगम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण अभ्यासक्रमाचा स्वभाव त्यातूनच ठरला. वेदना घालवण्याची हमी इथे दिली जात नाही. वेदना असताना दिवस कसा काढायचा, याचा सराव करून घेतला जातो. कामाच्या ठिकाणची भीती, आपण कमी पडतो ही सतत लागलेली टोचणी, चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला पडणारी कोरड, यांच्या बाबतीतही अभ्यासक्रमाचे धोरण तेच राहते. 'तुमची भीती घालवू' असे मूळ आराखडा कुठेही म्हणत नाही, आणि मला त्याचा हाच प्रामाणिकपणा सर्वांत आधी भावला.

रचना सरळ आहे. आठवड्यातून एकदा सुमारे अडीच तासांचे सत्र, सहाव्या आठवड्याच्या आसपास जवळजवळ दिवसभराचे एक मौन सत्र, आणि घरी, मूळ आराखड्याप्रमाणे आठवड्यातील सहा दिवस, पाऊण तासाचा सराव. पहिल्या सत्रात एक मनुका हातात घेऊन ती जणू प्रथमच पाहत आहोत अशा रीतीने न्याहाळायची, हुंगायची आणि सावकाश खायची असते. या प्रयोगाबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी त्यावर थांबत नाही. खरा कस लागतो तो बॉडी स्कॅनमध्ये. पाठीवर पडून, डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून, लक्ष तळवा, टाच, घोटा, पोटरी असे वर सरकवत डोक्यापर्यंत न्यायचे आणि प्रत्येक ठिकाणी जे जाणवेल ते फक्त टिपायचे. अवयव सैल सोडण्याची खटपट करायची नाही, दुखत असेल तर ते थांबवण्याची घाई करायची नाही. ऐकताना हे सोपे वाटते, पण पोटरीपर्यंत पोचण्याआधीच मन दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत जाऊन बसलेले असते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर प्रश्न विचारून २०१० साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला, त्यानुसार जागेपणीचा सुमारे ४७ टक्के वेळ माणसाचे मन हातातल्या कामावर नसतेच. पाऊण तास जमिनीवर पडून राहिल्यावर हा आकडा मला फुगवलेला वाटला नाही, उलट थोडा कमीच वाटला.

बॉडी स्कॅननंतर प्रशिक्षक गटातील एकेकाला विचारतात, 'काय लक्षात आले?' मी या भागाला अभ्यासक्रमाचे काळीज मानते. आमच्या गटातील एक गृहस्थ तक्रारीच्या सुरात म्हणाले, 'माझ्या डाव्या पायाच्या बोटांत मला काहीच जाणवले नाही.' प्रशिक्षिकेने त्यांना धीर दिला नाही किंवा युक्तीही सांगितली नाही. तिने विचारले, 'काही जाणवत नाही हे लक्षात आल्यावर पुढे काय झाले?' ते जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'वाटले की बाकी सगळ्यांना जाणवत असणार, मलाच तेवढे जमत नाही.' त्यावर तिने इतकेच विचारले, 'हे वाक्य तुम्हाला ओळखीचे आहे का?' पडद्यावरच्या आम्हा सर्वांच्या चेहऱ्यांवर एकाच वेळी जे उमटले, ते पाहता उत्तराची गरज उरली नाही. पायाच्या बोटांपासून निघालेला माणूस दोन प्रश्नांत स्वतःबद्दलच्या जुन्या निवाड्यापाशी येऊन पोचला होता. हा निवाडा कार्यालयात दिवसातून कितीदा तरी दिला जातो, पण तिथे तो इतक्या झटकन येऊन जातो की तो आपणच दिला हेही कळत नाही. जमिनीवर निवांत पडलेले असताना मात्र तो रंगेहाथ सापडतो.

शरीराच्या आतून येणाऱ्या संवेदना ओळखण्याच्या क्षमतेला शास्त्रज्ञ इंटरोसेप्शन म्हणतात आणि मेंदूतील इन्सुला या भागाचा त्यात मोठा वाटा असल्याचे मानले जाते. सजगतेच्या प्रचारसाहित्यात यावरून लगेच असा निष्कर्ष काढलेला आढळतो की ध्यान करणाऱ्याला स्वतःचे शरीर इतरांपेक्षा अधिक अचूक कळते. हे तितके सरळ नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी ध्यानसाधक आणि ध्यान न करणारे यांची स्वतःच्या हृदयाचे ठोके ओळखण्याची चाचणी घेतली गेली, तेव्हा साधक त्यात सरस ठरले नाहीत. माझ्या अनुभवाशी हा निष्कर्ष जुळतो. अभ्यासक्रमानंतर माझ्या छातीतली धडधड मला आधीपेक्षा अचूक मोजता येऊ लागली असे मी मुळीच म्हणणार नाही. बदल झाला तो तिच्याशी असलेल्या नात्यात. पूर्वी धडधड सुरू झाली की 'आता आपली फजिती होणार' हा अर्थ तिला आपोआप चिकटलेला असे. आता ती आधी धडधड म्हणून कळते आणि तिचा अर्थ नंतर, वेगळा, समोर येतो. या दोहोंत क्षणभराचीच फट असते, पण तेवढ्या फटीत बरेच काही करता येते.

अभ्यासक्रमाच्या मध्यावर याच फटीवर काम होते. उसळून प्रतिक्रिया देणे आणि भानावर राहून प्रतिसाद देणे यांतला फरक चौथ्या-पाचव्या आठवड्यात शिकवला जातो, आणि त्यासाठी ताणाच्या क्षणी शरीरात काय घडते याचे साधे शरीरशास्त्रही सांगितले जाते. अशा क्षणी मी काय करते, हे मला त्याच आठवड्यांत प्रथमच स्पष्ट दिसले. बैठकीत अनपेक्षित प्रश्न आला की माझे खांदे कानांच्या दिशेने चढतात, जीभ टाळूला घट्ट चिकटते आणि प्रश्न पुरता संपण्याआधी माझे उत्तर सुरू होते. ते उत्तर चुकीचे असते असे नाही, पण ते प्रश्नाला दिलेले उत्तर नसते. आपण अज्ञानी नाही हे सिद्ध करण्याची ती धडपड असते. खांदे चढल्याचे लक्षात आले की दोन्ही तळव्यांखालची जमीन जाणवून घ्यायची आणि एक श्वास पूर्ण सोडून मग बोलायचे, एवढीच सूचना अभ्यासक्रम देतो. उच्छ्वास लांबवला की हृदयाची गती किंचित मंदावते. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या कामामुळे हे प्रत्येकाच्याच शरीरात घडत असते आणि त्यासाठी कसल्याही श्रद्धेची आवश्यकता नाही. समोरच्यांना हा विराम ठळकपणे जाणवत नाही, आणि जाणवलाच तर विचार करून बोलणाऱ्या माणसाचा विराम म्हणून जाणवतो.

तरीही, मला कोणी विचारले की या आठ आठवड्यांतील कोणती एक गोष्ट ठेवाल, तर मी ध्यानाचे नाव घेणार नाही. मी कठीण संवादाच्या नोंदीचे नाव घेईन. आधीच्या आठवड्यांत सुखद प्रसंगांची आणि नंतर त्रासदायक प्रसंगांची रोजची नोंद ठेवायला सांगतात. त्यानंतर येते ती कठीण संवादांची नोंद. तिचे रकाने असे असतात: संवाद कोणाशी झाला, कशाबद्दल झाला, अडचण कशी उद्भवली, तुम्हाला त्यातून खरोखर काय हवे होते, प्रत्यक्षात काय मिळाले, समोरच्याला काय हवे होते, त्याला काय मिळाले, आणि त्या वेळी व त्यानंतर तुम्हाला काय वाटले. पाहायला गेले तर हा एक छापील तक्ताच आहे, आणि वर्गातील बऱ्याच जणांनी त्याकडे कानाडोळा केला. मी तो मनापासून भरला. अडचण कशी उद्भवली, कोण काय बोलले, मला किती राग आला, हे रकाने मी भराभर भरत असे आणि समोरच्याला काय हवे होते याचाही अंदाज लिहून टाकत असे. पेन अडत असे ते 'तुम्हाला खरोखर काय हवे होते' या रकान्यापाशी. आठवड्याच्या शेवटी तक्ता समोर ठेवला तेव्हा इतर रकाने गच्च भरलेले आणि मधला एक उभा रकाना जवळजवळ कोरा, असे चित्र होते.

या कोऱ्या रकान्याने मला स्वतःबद्दल जे सांगितले ते कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिराने सांगितले नव्हते. एका कामाची मुदत वाढवून मागण्यासाठी मी वरिष्ठांकडे गेले होते, आणि त्या संवादाची नोंद करताना ध्यानात आले की मी तारीख मागितलीच नव्हती. काम कसे अवघड आहे, मध्ये काय काय अडथळे आले, मी किती प्रयत्न केले, हे सगळे सांगून मी थांबले होते, आणि पुढचे त्यांनीच ओळखावे अशी माझी अपेक्षा होती. त्या संवादातून मला मुदतवाढ हवी होती की 'ही कामचुकार नाही' असा शेरा हवा होता? प्रामाणिकपणे लिहायचे तर शेरा हवा होता, आणि शेरा मागता येत नसल्यामुळे मी काहीच मागितले नव्हते. त्यानंतर कोणत्याही अवघड बोलण्याआधी तो रकाना मी आधीच भरून ठेवू लागले, एकाच वाक्यात, कागदावर. पुढच्या वेळी मी जाऊन सरळ म्हटले, 'मला हे काम पुढच्या सोमवारपर्यंत द्यायचे आहे, त्याआधी ते नीट होणार नाही.' आवाज कापत होता, पण वाक्य पूर्ण झाले. लोक ज्याला आत्मविश्वास म्हणतात त्याचा पुष्कळसा भाग आपल्याला काय हवे आहे हे बोलण्याआधी ठाऊक असणे हाच असतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. आतल्या जाणिवेचा रोजच्या कामाशी संबंध जुळतो तो इथे, आणि शरीराकडे लक्ष देण्याची आधीची सगळी तालीम या एका रकान्यासाठीच असावी, असे वाटण्याइतका तो महत्त्वाचा आहे.

अभ्यासक्रमाची मर्यादाही याच जागी दिसते. तो रकाना भरायला शिकवतो, पण भरल्यावर जाऊन बोलण्याचा सराव करून घेत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार 'हे मला जमेल' हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः काम करून ते जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कोणाला ते जमताना पाहणे, विश्वासाच्या माणसाने दिलेला भरवसा, आणि स्वतःच्या शरीर-मनाच्या स्थितीचा आपण लावलेला अर्थ. यांत सर्वांत भक्कम वाट पहिली. सजगतेचा अभ्यासक्रम चौथ्या वाटेवर उत्तम काम करतो, गटामुळे दुसरी वाट थोडी उघडते, आणि पहिली वाट मात्र शिकणाऱ्याने स्वतःच्या कामाच्या जागी, स्वतःच्या हिमतीवर चालायची असते. ज्या संस्था 'आठ आठवड्यांत आत्मविश्वास' असे म्हणतात त्या ही पहिली वाट गाळून टाकतात. धडधड समजून घेणे ही तयारी आहे. त्या धडधडीसकट उठून बोलणे आणि आपण त्यातून तरलो हे अनुभवणे, यातूनच पुढच्या वेळचा विश्वास जमा होतो. पोहायला शिकणाऱ्याला काठावर बसून पाण्याची भीती कितीही चांगली समजली, तरी पाण्यात उतरण्याला पर्याय नसतो, तसेच हे आहे.

एवढे म्हटल्यावर या अभ्यासक्रमाची तुलना बाजारातील इतर उपायांशी केली तर त्याचे वजन कळते. स्वतःला रोज आरशासमोर 'मी समर्थ आहे, मी प्रिय आहे' असे बजावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. कॅनडातील जोअ‍ॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचे स्वतःबद्दलचे मत मुळातच वाईट होते त्यांना अशी वाक्ये उच्चारल्यावर बरे वाटण्याऐवजी अधिक वाईट वाटले. म्हणजे ज्यांना या उपायाची सर्वाधिक गरज त्यांच्यावरच तो उलटला. हात पसरून, छाती काढून ऐटीत उभे राहिल्याने संप्रेरके बदलतात आणि धाडस वाढते, हा २०१० सालचा दावा अवघ्या ४२ जणांवरच्या प्रयोगावर उभा होता. सुमारे २०० जणांवर तो प्रयोग पुन्हा केला गेला तेव्हा, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, संप्रेरकांत किंवा वागण्यात फरक आढळला नाही, केवळ आपण जरा जोरकस आहोत असे त्यांना वाटले. आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच २०१६ साली, हा परिणाम खरा असल्याचे आपण मानत नाही, असे जाहीर केले. उसने अवसान आणून काम भागते, पण ते फेडावेही लागते. दिवसभर ऐट धरून घरी आल्यावर येणारा थकवा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. सजगतेचा अभ्यासक्रम काहीही उसने आणायला सांगत नाही, आणि या दोन उपायांच्या तुलनेत मी त्याला निःसंशय उजवा मानते.

त्याच्यामागचा पुरावाही या उपायांपेक्षा भक्कम आहे, पण तो कशाचा पुरावा आहे हे पाहायला हवे. ध्यानाच्या कार्यक्रमांवरील ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी यांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. चिंता, उदासी आणि वेदना यांत मध्यम दर्जाच्या पुराव्यानिशी सुधारणा दिसते, मात्र व्यायाम किंवा औषधे यांसारख्या इतर सक्रिय उपायांपेक्षा ध्यान वरचढ असल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. चिंताविकार असलेल्या २७६ प्रौढांवरील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा आठ आठवड्यांचा कार्यक्रम एस्सिटॅलोप्राम या औषधाच्या तुलनेत कमी ठरला नाही. हे निकाल मोठे आहेत, पण ते चिंतेबद्दल आहेत. चिंता कमी होणे म्हणजे आत्मविश्वास वाढणे नव्हे; निवांत माणूसही स्वतःला कमी लेखू शकतो. चालू असलेली औषधे केवळ या बातम्या वाचून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हेही इथे आवर्जून लिहिते.

आता मी जिथे हा वर्ग केला त्या संस्थेविषयी. प्रशिक्षिका अभ्यासू होती, तिचा आवाज संथ आणि स्पष्ट होता, आणि सरावासाठी दिलेली ध्वनिमुद्रणे वर्ग संपल्यानंतरही खुली ठेवली गेली, याबद्दल संस्थेला पूर्ण श्रेय द्यायला हवे. पण गट फार मोठा होता. पडद्यावर चेहऱ्यांची दोन पाने भरतील इतकी माणसे असताना सरावानंतरची विचारणा प्रत्येकापर्यंत पोचत नाही, आणि ती पोचली नाही तर घरी ध्वनिमुद्रण लावून पडून राहणे आणि वर्गाला येणे यांत फारसा फरक उरत नाही. पायाच्या बोटांवरून झालेला तो संवाद पहिल्या आठवड्यांतला होता. पुढे वेळेअभावी 'लेखी अनुभव पाठवा' असे सांगितले जाऊ लागले आणि लिहून पाठवलेल्या अनुभवांवर एखाद्या ओळीचे ठरावीक उत्तर येऊ लागले. कठीण संवादाच्या तक्त्यावर तर वर्गात घाईघाईने बोलणे झाले आणि शेवटच्या सत्राचा बराचसा वेळ पुढच्या पातळीच्या अभ्यासक्रमाची माहिती देण्यात गेला. ज्या सत्रात आठ आठवड्यांची शिदोरी बांधून द्यायची, तिथे विक्री चालावी हे मला खटकले आणि आजही खटकते. दिवसभराचे मौन सत्रही अर्ध्या दिवसावर आणले गेले होते. मौनाच्या दुसऱ्या टप्प्यात, कंटाळा येऊन गेल्यानंतर, जे वर येते तेच त्या दिवसाचे मोल असते, आणि नेमका तोच टप्पा आम्हाला मिळाला नाही.

वेळेबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. रोजचा पाऊण तास ही नोकरी, घर आणि प्रवास यांत अडकलेल्या माणसासाठी लहान गोष्ट नाही, आणि ज्यांच्यावर घरातील लहानमोठ्यांची काळजी घेण्याची जबाबदारी आहे त्यांच्यासाठी तर ती अवघडच आहे. आमच्या प्रशिक्षिकेने कमी वेळेचा सराव चालेल असे सांगितले, ते व्यवहार्य होते. बसून करायचे ध्यान मी दहा-पंधरा मिनिटांवर आणले आणि त्याने फारसे बिघडले नाही; बॉडी स्कॅन मात्र आखडता घेतला की त्यातला कस निघून जातो, कारण कंटाळ्यापाशी पोचायलाच त्यात वेळ लागतो. चालण्याचे ध्यान मला सर्वांत सोयीचे वाटले. कामाच्या जागेपासून बैठकीच्या खोलीपर्यंतचे अंतर मोबाइल न पाहता, पावलांवर लक्ष ठेवून चालले तरी बैठकीत पोचणारा माणूस थोडा जमिनीवर असतो.

हा अभ्यासक्रम कोणासाठी आहे, असे विचारले तर माझे उत्तर असे आहे. ज्यांना आपले काम येते, पण दडपण आले की येत असलेलेही सुचेनासे होते. जे दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ बदलली तरी स्वतःचे मत बदलतात. जे दिवसभर सगळ्यांना उत्तरे देऊन रात्री आपल्याला काय वाटत होते हे आठवायला बसतात, त्यांनी तो जरूर करावा. ज्यांची अडचण कौशल्याची आहे, म्हणजे सादरीकरण कसे रचावे, हिशेब कसा मांडावा, वाटाघाट कशी करावी हे ज्यांना शिकायचे आहे, त्यांनी आधी ते कौशल्य शिकावे. श्वासाकडे कितीही लक्ष दिले तरी न येणारी गोष्ट येऊ लागत नाही. ज्या ठिकाणी वरिष्ठांकडून अपमान होतो, कामाचे तास अमानुष आहेत किंवा चूक नसताना खापर फोडले जाते, तिथे त्रासाचे मूळ माणसाच्या मनात नसते, आणि अशा ठिकाणी व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना सजगतेच्या वर्गाला बसवून हात झटकणे अन्यायाचे आहे. आणि ज्यांनी मोठा मानसिक आघात सोसला आहे, त्यांना शरीराकडे दीर्घकाळ लक्ष देताना जुन्या आठवणी उसळून त्रास होऊ शकतो. त्यांनी आपल्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलूनच निर्णय घ्यावा, आणि प्रशिक्षकांना तसे आधी सांगावे.

वर्ग निवडताना काही गोष्टी नाव नोंदवण्यापूर्वीच विचारून घ्याव्यात. गटात किती जण असतील आणि प्रत्येक सराव झाल्यावर बोलण्यासाठी किती वेळ राखलेला असतो, हा पहिला प्रश्न असावा. प्रवेशाआधी प्रशिक्षक वैयक्तिक बोलून प्रकृतीची माहिती घेतात की पैसे भरले की झाले, यावरून संस्थेची वृत्ती लगेच कळते. मौनाचा दिवस पूर्ण आहे का, संवादाची नोंद वर्गात तपासली जाते का, आणि प्रशिक्षकांचा स्वतःचा सराव व प्रशिक्षण कुठे झाले आहे, हेही मोकळेपणाने विचारावे. चांगला प्रशिक्षक अशा प्रश्नांनी दुखावत नाही. आत्मविश्वासाची हमी देणाऱ्या वर्गाला मी नकार देईन. ज्या संस्थेत मी हा अभ्यासक्रम केला तिथे तो पुन्हा करणार नाही, पण दहा-बारा जणांच्या गटात, पूर्ण मौन दिवसासह आणि त्या तक्त्यावर एक संपूर्ण सत्र देणारा वर्ग सापडला, तर मी त्यात पुन्हा नाव घालीन आणि सोबत काम करणाऱ्यांनाही तो सुचवीन.